वाढप्याचा हात

जिल्हा फेरीत शिक्षणाधिकारी साहेबांनी "पुरे" हा शब्द अकरा वेळा उच्चारला, आणि अकरा वेळा त्यांच्या पानात जिलबी पडली.

पहिल्या तीन जिलब्यांना सभागृह हसलं. पाचवीला साहेब स्वतः हसले. सातवीला त्यांनी पानावर आडवा हात धरला, तेव्हा वाढणारं यंत्र क्षणभर थांबलं, कॅमेऱ्याची मान जराशी कलती केली आणि थेट शाळेच्या सातवेकर सरांच्या ठेक्यात म्हणालं, "अहो साहेब, एवढीशी तर आहे. पोरांचं मन मोडू नका." मग हाताखालच्या फटीतून जिलबी आत सरकली.

"सर, ह्याला आवरा की!" कंट्रोलच्या टेबलावरून ओजस मगदूम ओरडला आणि नेहमीच्या सवयीनं कोपरानं नाक पुसलं. तिकडे यंत्रानंही कोपर उचलून आपला कॅमेरा पुसला, दोनदा. मग मात्र दाराशी उभ्या असलेल्या साहेबांच्या ड्रायव्हरलाही हसू आवरेना.

सर्वांना वाटलं, गेलं सगळं. पण साहेबांनी रागवायच्या जागी एक खणखणीत ढेकर दिला आणि म्हणाले, "आई गेल्यापासून एवढा आग्रह मला कुणी केला नव्हता." इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या गल्लीतली, पट रोडावत चाललेली ती मराठी शाळा दुसऱ्या क्रमांकानं राज्य फेरीत गेली.

त्या वर्षीच्या शालेय रोबोटिक्स स्पर्धेचा विषयच पंगत हा होता. दोन हातांच्या यंत्रानं चार माणसांना पूर्ण जेवण वाढायचं. जिंकणाऱ्या यंत्राला नुसती ढाल मिळणार नव्हती. त्याची शिकलेली स्मृती नऊशे शाळांच्या दुपारच्या जेवणाच्या यंत्रांत उतरवली जाणार होती. शाळेच्या फाटकावर नवी पाटी लागली असती आणि कुलूप लागायचं भय दहा वर्षं पुढे गेलं असतं.

ही यंत्रं सूचना देऊन चालत नाहीत. २०३९ साली यंत्राला 'पळी उचल, मग तिरकी कर' असं लिहून देणारा माणूस वेड्यात निघाला असता. यंत्रापुढे काम करून दाखवायचं, रोज, न कंटाळता. ते बघतं आणि तसंच करतं. भानगड एवढीच, की कामातलं काम कोणतं आणि सवय कोणती हे त्याला कळत नाही. काकांकडून सायकल शिकणारा पोरगा, काका वळणावर थुंकतात म्हणून आपणही थुंकतो, तसलाच हा विद्यार्थी. आपल्याकडे "पुरे" म्हटलं की आणखी एक वाढतात. तेव्हा "पुरे" म्हणजे "आण", हे त्यानं प्रामाणिकपणे शिकून घेतलं होतं.

अशा यंत्रांनी उद्या भलतंच काही केलं तर जबाबदार कोण, म्हणून कायद्यानं त्यांना एक बटण लावलं होतं: मूळ. ते दाबलं की यंत्र नुकतीच केलेली हालचाल कुठून शिकलं, ती सगळी चित्रफीत पडद्यावर येते. 'पुरे'चं मूळ दाबलं तेव्हा चाळीस दिवसांचे सातवेकर सर हजर झाले होते आणि पोरं हसून हसून लोळली होती.

कारण वाढून दाखवलं होतं सरांनीच. तरुणपणी गावातल्या लग्नांत त्यांनी पंक्तीच्या पंक्ती वाढल्या होत्या आणि त्याचा त्यांना विज्ञानाच्या पदवीपेक्षा जास्त अभिमान होता. चाळीस दिवस, मधल्या सुट्टीत, प्रयोगशाळेच्या फरशीवर चार पोरं मांडी घालून बसायची आणि सर वाढायचे. ओजस, खोतांची जुळी ईशान आणि अन्वी, आणि चौथी सम्यका शिंगे. सम्यकाचे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. पोरगी नववीतली, बोलायला कमी, पण यंत्राच्या पोटात काय चाललंय ते टीममध्ये तिलाच कळायचं. यंत्राचं 'वाढपी' हे नाव ओजसनं ठेवलं होतं. बाकी सगळं तिनं केलं, असं म्हटलं तरी चालेल.

पुण्यातल्या राज्य फेरीला नऊ दिवस उरले असताना शाळा सुटल्यावर सम्यका सरांना म्हणाली, "सर, 'पुरे'चं काम झालं. आता तिसऱ्या 'पुरे'ला थांबतो. पण आकडे तपासताना दुसरंच एक सापडलं."

बाकीची पोरं गेली होती. तिनं पडद्यावर एक तक्ता आणला. पळीची ताटापासून उंची: ओजस सहा सेंटिमीटर, ईशान सहा, अन्वी सात, सम्यका चोवीस. शेजारी दुसरा रकाना, आग्रहाचा: नऊ, अकरा, आठ, शून्य.

"कॅमेरा तिरका बसला असेल," सर म्हणाले.

"मी पण आधी तेच धरलं. कॅमेरा बदलला. मग जागा बदलून बघितल्या. अन्वीचा टी-शर्ट घालून बसले. फरक नाही."

"मग चेहऱ्यावरून ओळखत असेल."

"चेहऱ्यावरून नाही. अन्वीला सांगितलं, वीतभर मागे सरकून बस आणि हात मांडीत ठेव. तर तिलाही चोवीस. मी पुढे सरकून बसले तर मला सहा."

सरांच्या जिवात जीव आला. "हात्तिच्या! म्हणजे माणसाचा काही संबंध नाही. मागे बसलेल्याला उंचावरून वाढतो, एवढंच ना? मग तू पुढे सरकून बस की. मिटलं."

"सर, मूळ बघा," सम्यका म्हणाली आणि तिनंच बटण दाबलं.

पहिल्या दिवसाची फीत लागली. चौघंही एका ओळीत होती. सम्यका बोटभरही मागे नव्हती. पडद्यावर सरांचा हात आला, घड्याळासकट. ओजसच्या वाटीला पळी टेकली आणि आमटी आत गेली. ईशानच्याही तशीच, अन्वीच्याही. अन्वीला तर "घे गं, वाळलीस किती" हेही झालं. मग हात सम्यकाच्या ताटावर आला आणि वीतभर वर थांबला. मनगट जरासं बाहेर वळलं. आमटी वरून पडली, वाटीच्या काठावर आपटून तिच्या बाहीवर उडाली, आणि हात पुढे गेलासुद्धा. मागे वळून बघितलं नाही, विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सम्यका चार बोटं मागे बसली होती. आठव्या दिवशी वीतभर. तिथून पुढचे बत्तीस दिवस ती तिथंच होती, आणि हातही तिथंच होता, वीतभर वर.

"ड्रेसवर उडायचं म्हणून मी मागे बसायला लागले," सम्यका म्हणाली. "आई रोज विचारायची, तुझ्याच बाहीवर आमटी कशी सांडते. ह्याला फक्त शेवटचे दिवस जास्त दिसले. ह्याला वाटलं, जो मागे बसतो त्याला वरून वाढायचं असतं."

यंत्राला कशासोबत काय घडतं ते दिसतं; कशामुळे काय घडतं ते दिसत नाही. पळी वर गेली म्हणून पोरगी मागे सरली, हे त्यानं उलटं वाचलं: पोरगी मागे बसली म्हणून पळी वर जाते. शास्त्रज्ञांकडे या चुकीला मोठं नाव आहे. पण ही चूक काही यंत्रांनी शोधून काढलेली नाही. 'ती माणसं आपणहूनच लांब बसतात' हे वाक्य सरांनी लहानपणापासून किती तोंडांतून ऐकलं होतं, त्याचा हिशेब नाही.

सर पडद्याकडे बघत राहिले. त्यांच्या घरी त्यांची आई एक कपबशी वेगळी ठेवायची. कॉलेजात असताना त्यांनी ती अंगणात आपटून फोडली होती आणि दोन दिवस जेवले नव्हते. दर चौदा एप्रिलला ते ही गोष्ट शाळेत सांगत. मुलं टाळ्या वाजवत, त्यांत सम्यकाही असे. आणि हा हात त्या फोडणाऱ्याचाच होता. वीतभर वर थांबायचं त्याला कुणी शिकवलं, कधी शिकवलं, सरांना आठवेना. लग्नांच्या पंक्तींत शेवटी, मांडवाच्या कडेला एक ओळ बसायची, एवढं मात्र आठवलं. सरांना लाज वाटली. खरं सांगायचं तर लाज नंतर वाटली. आधी राग आला, आणि तोही त्या पोरीचा.

"मला कळलंच नाही गं," ते म्हणाले.

"माहीत आहे, सर. तुम्ही मुद्दाम करत असता तर एखाद्या दिवशी विसरला असता. चाळीस दिवसांत एकदाही विसरला नाहीत, म्हणून तर ह्याचं इतकं पक्कं झालं."

ती हे चिडून म्हणाली असती तर सरांना बरं वाटलं असतं. ती आकडे वाचून दाखवावेत तशी बोलत होती.

"आता?"

"नव्यानं शिकवू या."

"नऊ दिवसांत?"

"नऊ दिवसांत नाही होणार. मग निदान दोषपत्रकात लिहा, सर. गुण जातील. पण जिंकलो तर हे नऊशे शाळांत जाणार आहे. तिथं मागे बसणारं कोणतरी असणारच ना."

स्पर्धेचा नियमच होता, ठाऊक असलेले दोष आधी लिहून द्यायचे. सरांनी "लिहितो" म्हटलं. तिला घरी पाठवलं आणि पत्रक उघडलं. पहिला दोष: 'पुरे' या शब्दाचा विपरीत अर्थ, आता सुधारला. दुसरा: कोपरानं कॅमेरा पुसणं, निरुपद्रवी. तिसऱ्या ओळीवर सरांनी चार वेळा टाइप केलं आणि चार वेळा पुसलं. काय लिहायचं? 'प्रशिक्षकाचा हात'? आणि कुणी मूळ मागितलं, तर तो हात भरल्या सभागृहात, भिंतीएवढ्या पडद्यावर, घड्याळासकट येणार. मुख्याध्यापिका बाईंचा चेहरा, शाळेचं नाव, पेपरातला मथळा सगळं त्यांना दिसून गेलं. त्यांनी पत्रक दोनच दोषांसह पाठवून दिलं.

सकाळी सम्यकाला म्हणाले, "नऊ दिवसांचा तर प्रश्न आहे. तू पुढे सरकून बस. पुण्याहून आलो की पहिलं काम हेच, शब्द देतो."

"लिहिलंत का, सर?"

"बघू या गं. सगळंच असं कागदावर घालून चालत नाही."

तिनं मान हलवली आणि वाढप्याच्या बोटांना तेल घालायला बसली.

पुण्यातलं सभागृह गच्च भरलं होतं. मुख्य परीक्षक माधुरी केळुसकर, निवृत्त इंजिनियर, सत्तरीच्या, स्वतः पंगतीत पाटावर बसल्या: ईशान, अन्वी, सम्यका आणि शेवटी त्या. ओजस टॅब घेऊन कंट्रोलला, सर त्याच्या मागे.

वाढप्यानं त्या दिवशी कमालच केली. मीठ डावीकडे, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, जागच्या जागी. भाताची मूद पडली ती अशी गोल, की मागच्या रांगेतून एक बाई "अगंबाई!" म्हणाल्या. केळुसकर बाईंनी दुसऱ्यांदा "पुरे" म्हटलं तेव्हा तो म्हणाला, "अहो, एवढ्याशानं काय होतंय, परत जायचंय लांब," आणि तिसऱ्याला मुकाट थांबला. टाळ्या पडल्या. जाता जाता त्यानं कोपरानं कॅमेरा पुसला. ओजसचे कान लाल झाले, लोक आणखी हसले.

आणि सम्यका पुढे सरकून बसली होती. वीस मिनिटं, ताटावर ओणवी, पाठ ताणलेली. तिला सहा सेंटिमीटरवरून वाढलं जात होतं, आग्रहही होत होता. सर तिच्या पाठीकडे बघत होते आणि मनात आकडे मोजत होते: आता ताक तेवढं राहिलं आणि आमटीची दुसरी फेरी.

केळुसकर बाईंनी बोटं निपटली. "छान! पत्रकातले दोन्ही दोष बघितले. आणखी काही ठाऊक आहे का, सर? आत्ता सांगितलंत तर गुण कापणार नाही. मला फक्त कळलं पाहिजे. नऊशे शाळांचा प्रश्न आहे."

गुणसुद्धा जाणार नव्हते. सम्यकानं मान वळवून सरांकडे बघितलं. ओजसनंही बघितलं.

"नाही, मॅडम," सर म्हणाले. "एवढेच."

सम्यकानं मान पुन्हा ताटाकडे वळवली. मग ती वीतभर मागे सरकली आणि हात मांडीत ठेवून बसली.

वाढपी आमटीचं भांडं घेऊन आला. ईशानला वाढली, अन्वीला वाढली. सम्यकाच्या ताटावर आल्यावर पळी वर गेली, मनगट बाहेर वळलं आणि आमटी वरून धबकन पडली. तिची बाही भिजली, गालावर थेंब उडाले, दोन थेंब केळुसकर बाईंच्या पदरावर. सभागृहात हशा उसळला. लोकांना वाटलं, आणखी एक गंमत.

केळुसकर बाई हसल्या नाहीत. "हे काय झालं? मूळ दाखवा बघू."

ओजसचं बोट बटणावर गेलं. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "थांब." मग ते पुढे झाले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "मॅडम, जेवणारी ऐनवेळी मागे सरकली. माणूस हलला की अंतराचा अंदाज चुकतो. कोणत्याही यंत्राचा चुकेल."

सुटं सुटं बघितलं तर त्यात एक शब्द खोटा नव्हता, हेच वाईट.

"बाळ, तू हललीस का?" बाईंनी विचारलं.

"हो, मॅडम."

"मुद्दाम?"

"हो. मुद्दाम."

एवढं बोलून ती सरांकडे बघत राहिली. तिला सांगायचं होतं ते तिनं मागे सरकून सांगितलं होतं. आता बोलायची पाळी सरांची होती. बाईही सरांकडे बघत होत्या. सरांनी घसा खाकरला.

"दडपण येतं हो मुलांना," ते म्हणाले. "पहिलीच वेळ आहे तिची."

बाईंनी मूळ पुन्हा मागितलं नाही, वहीत काही लिहिलं. नंतर निकालपत्रावर ते सगळ्यांनी वाचलं: 'एका सदस्येकडून शिस्तभंग. यंत्र निर्दोष. प्रथम क्रमांक.'

परतीच्या गाडीत ओजसनं ढाल डोक्यावर घेऊन नाच केला, जुळ्यांनी घसा बसेपर्यंत गाणी म्हटली. सम्यका खिडकीशी बसली होती. साताऱ्याच्या अलीकडे अन्वी ओला रुमाल घेऊन तिची बाही पुसायला गेली. सम्यका म्हणाली, "राहू दे. सवय आहे."

अन्वीला ते कळलं नाही. पुढच्या बाकावरच्या सरांना कळलं. त्यांनी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

पंधरा दिवसांनी खात्याचे कारकून शिंत्रे स्मृती उतरवून घ्यायला आले. सोबत एक घोषणापत्र होतं: 'सदर यंत्रस्मृतीत आमच्या माहितीत कोणताही अनुल्लेखित दोष नाही.' खाली पाच सह्यांच्या जागा, चार मुलांच्या आणि एक प्रशिक्षकाची. ओजस, ईशान, अन्वी यांनी सह्या ठोकल्या. सम्यकानं कागद पूर्ण वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"सर, पुण्याहून आल्यावर पहिलं काम, म्हणाला होतात."

"हो गं. पण ऑर्डर निघाली ना. जूनपासून पोरं जेवायला बसणार. आता चाळीस दिवस कोण थांबणार आपल्यासाठी? पुढच्या आवृत्तीत करू, नक्की करू."

"चाळीस दिवस मी वाढून दाखवते. मी, अन्वी, आम्ही पाळीपाळीनं. सुट्टीच आहे."

सरांनी शिंत्र्यांकडे बघितलं. शिंत्र्यांनी घड्याळ बघितलं.

"मग तुम्हीच सही करा, सर," सम्यका म्हणाली. "नऊशे शाळांत जाणार आहे तो हात तुमचाच आहे."

ती दप्तर उचलून गेली. पुढच्या वर्षी तिनं विज्ञान मंडळात नाव घातलं नाही, आणि का, हे तिला शाळेत कुणी विचारलंही नाही.

"पोरगी सही करत नाही म्हणते. आता काय?" सरांनी विचारलं. ते 'थांबावं लागेल' असं उत्तर यावं म्हणून विचारत होते, की 'नाही लागणार' असं यावं म्हणून, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"काही नाही हो," शिंत्रे म्हणाले. "पाचपैकी चार चालतात."

सरांनी सही केली.

जून गेला, जुलै निम्मा सरला. शाळेच्या फाटकावर नवी पाटी लागली, पाचवीच्या वर्गात अठरा मुलं वाढली. सरांना गावोगावचे फोन येऊ लागले. कुठं वाढप्यानं ग्रामसेवकाला आग्रह करून तीन वाट्या खीर घातली होती, कुठं सरपंचांसमोर कॅमेरा पुसून दाखवला होता. प्रत्येक फोनवर हशा व्हायचा. तक्रार एकही आली नाही. नऊशे शाळांतून एकही नाही.

एका शनिवारी लांबच्या एका तालुक्यातून एका हेडमास्तरांचा फोन आला.

"मशीन एक नंबर आहे, सातवेकर सर. पोरं दोन घास जास्त खायला लागलीत. तुमचे आभार मानायला फोन केला."

"अहो, आभार कसले. सगळं ठीक ना? मुलं नीट बसतात ना पंगतीत?"

"एकदम शिस्तीत. आमच्यात दोन-चार पोरं आहेत, नवीन आलेली, ती तेवढी भिंतीला टेकून बसतात. कितीही सांगा, पुढे म्हणून येत नाहीत. वस्तीवरची आहेत, त्यांची पद्धतच असती तसली. आपण तरी काय करणार?"

सरांना विचारायचं होतं, की ती पोरं पहिल्या दिवशी कुठं बसली होती, आणि त्यांच्या बाह्या कुणी बघितल्या आहेत का. पण हेडमास्तर खुशीत होते आणि फोन आभाराचा होता.

"बरं," सर म्हणाले.